इग्वानाचं पिल्लू मागायला येणाऱ्यांनी आधी आमचा मोठा नर बघावा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझ्याकडं इग्वाना, म्हणजे परदेशी जातीचे मोठे सरडे आहेत. गेल्या आठवड्यात सकाळी सकाळी चंदगडकडच्या एका मुलाचा फोन आला, "काकू, तुमच्याकडं इग्वानाची पिल्लं आहेत म्हणे, एक माझ्यासाठी ठेवा, पैसे आत्ता पाठवतो, तेवढं बॉक्सला भोकं पाडून एसटीच्या डिकीत घालून द्या की, मी स्टँडवर उतरवून घेतो." मी विचारलं बाळा ठेवणार कुठं, लाईट कुठली लावणार, खायला काय घालणार, तर म्हणाला "ते बघू की नंतर, आधी येऊ दे तर." मी पिल्लू दिलं नाही. त्याला राग आला, पैसे देतोय तर तुम्हाला काय करायचंय म्हणाला आणि फोन ठेवला. मला काय करायचंय तेच सांगायला हे पत्र लिहितेय. ही जाहिरात नव्हे, माझं नाव नंबर छापू नका, आमच्या शहापुरातल्या गल्लीत आधीच बघायला येणाऱ्यांची लाईन असते.

आमच्या घरी हे जनावर २०१८ ला आलं, थोरल्यानं आणलं. तळहातावर मावेल एवढं, पोपटासारखं हिरवंगार. त्याचं नाव राजा. पुढं थोरल्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला आणि राजा माझ्याकडं राहिला. आज राजा शेपटीसकट साडेचार फूट आहे. नीट सांभाळला तर इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो, हे आणताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीपण विचारलं नव्हतं. नंतर निपाणीचा एक मुलगा बेंगळुरूला निघाला म्हणून त्याची मादी माझ्याकडं देऊन गेला, ती मैना. म्हणजे बघा, दोन्ही जनावरं आणली मुलांनी आणि सांभाळते कोण. म्हणून आता माझी पहिली अट ठरलेली आहे, पिल्लू बघायला येताना आईला नाहीतर बायकोला बरोबर आणायचं, कारण सकाळचा पाला तीच चिरणार आहे.

दोन वर्षांपूर्वी मैनेनं पहिल्यांदा अंडी घातली त्यातून ११ पिल्लं निघाली, आणि मी आनंदाच्या भरात आठ दिवसांत सगळी देऊन टाकली, कुणी ओळखीचं, कुणी ओळखीच्याच्या ओळखीचं, कुणी व्हॉट्सॲपवर फोटो बघून आलेलं. वर्षानं मी एकेकाला फोन लावला. चार जगलीत, तीन मेली, दोन पुढं विकली गेली, एक खानापूर रोडकडच्या शेतात "सोडून दिली" आणि एकाचा फोन लागतच नाही. तो दिवस मी विसरत नाही. त्या तिघांतलं एक तर माझ्याच हातात गेलं. अनगोळचा दहावीतला मुलगा, माशांच्या टाकीत ठेवलं होतं, काकडी आणि कोबी घालत होता, टाकी खिडकीत होती म्हणून ऊन मिळतंय असं त्याला वाटत होतं. त्यानं आणून माझ्या ओट्यावर ठेवलं तेव्हा पिल्लाचा खालचा जबडा बोटानं दाबला की रबरासारखा वाकत होता, मागचे पाय फुगून गुबगुबीत दिसत होते, घरच्यांना वाटलं अंग धरलंय, पण ती सूज होती, आणि पायाची बोटं सारखी थरथरत होती. मुलगा बिचारा रडत होता, दोष त्याचा नव्हता, मी त्याला काही नीट सांगितलंच नव्हतं.

ऊन काचेतून आत येतं पण हाडांना लागणारे उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण काच अडवते, ते मिळाले नाहीत की अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही आणि जनावर आपल्याच हाडातलं ओढून घ्यायला लागतं. आता आपलं बेळगाव बघा, जून लागला की सप्टेंबरपर्यंत ऊन म्हणजे पाहुणाच, आणि थंडीत रात्री पारा १५ च्या खाली जातो. या जनावराला बसायच्या जागी ३५ अंशाच्या आसपास ऊब पाहिजे. म्हणजे यूव्हीबीची ट्यूब लावायचीच, उबेचा बल्ब लावायचाच, आणि ती ट्यूब दिसायला पेटत असली तरी वर्षाच्या आत बदलायची कारण उजेड राहतो आणि किरण कमी होतात. लाईट जाते तेव्हाची सोय वेगळी. पिल्लाच्या किमतीपेक्षा हा खर्च कितीतरी जास्त आहे आणि लोक नेमकं पिल्लाच्या किमतीवरच घासाघीस करतात.

खायचं म्हणाल तर हे पूर्ण पाला खाणारं जनावर. शेवग्याचा पाला, तुतीचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, लाल भोपळा किसून, वर कॅल्शियमची पावडर भुरभुरायची. पालक रोज घालू नये, त्यानं कॅल्शियम अडतं. अंडं, चिकन, कुत्र्याचं खाणं अजिबात नाही, त्यानं किडन्या जातात. एकजण मला अभिमानानं सांगत होता "आमचा खिमा खातो काकू", मला ऐकवेना.

यावर्षी शिमग्याच्या आसपास मैनेनं ३१ अंडी घातली. मोठ्या टबात ओलसर माती-वाळू भरून ठेवली होती, दोन दिवस नुसती उकरत होती, खाणं बंद. अंडी काढताना प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं ठिपका दिला, कारण कोंबडीच्या अंड्यासारखी ही फिरवायची नसतात, उलटली की आतला जीव मरू शकतो, ठिपका शेवटपर्यंत वरच राहिला पाहिजे. थर्मोकोलच्या पेटीत ३०-३१ अंशावर ठेवली, जवळजवळ तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघायचं, लग्नालापण कुठं मुक्कामाला गेले नाही. मे संपता संपता एका अंड्याला चीर गेली, त्यातून बारीकसं नाक बाहेर आलं आणि ते तसंच दिवसभर नुसतं बघत बसलं होतं, बाहेर यायचं की नाही ठरवत. असं करत २६ निघाली, दोन अशक्त होती ती गेली, २४ राहिली. एवढं केल्यावर कुणी डिकीत घालून द्या म्हणालं की मला काय वाटत असेल ते तुम्हीच बघा.

यावेळी म्हणून मी पद्धत बदलली. दोन महिने एकपण पिल्लू दिलं नाही, नीट खाताहेत, वजन धरताहेत बघितलं. येणाऱ्याला आधी पिल्लं दाखवतच नाही, आधी राजा दाखवते. विणीच्या हंगामात नर नारिंगी पडतो, मान झटकतो, रोज अंगाखांद्यावर खेळणारा राजा त्या दोन महिन्यांत माझ्यावरपण धावून येतो, शेपटीचा फटका चाबकासारखा बसतो, दात करवतीसारखे. त्याचा पिंजरा सहा फूट उंच सहा फूट लांब आहे, हॉलची एक भिंत गेली. हे बघून निम्मे लोक चहा पिऊन परत जातात आणि मला त्याचा आनंदच होतो. जे थांबतात त्यांना सांगते, आधी पिंजरा करा, ट्यूब लावा, फोटो पाठवा, पंधरा दिवसांनी या. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर सरळ नको म्हणते, यांच्या अंगावर साल्मोनेला म्हणजे पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, आपण हात लावला की साबणानं धुतो, बारकं पोर तोंडात घालतं. आणि आपल्या भागात गाई-म्हशींचे, कुत्र्यांचे डॉक्टर पुष्कळ आहेत पण इग्वाना बघणारा डॉक्टर शोधावा लागतो, तो आधी शोधून ठेवला का तेपण विचारते.

आता कागदाचं. बऱ्याच जणांना वाटतं परदेशी जनावर आहे, कायदा लागत नाही. पूर्वी ढिलं होतं हे खरं. जून २०२० मध्ये केंद्रानं अशी जनावरं आपणहून जाहीर करा म्हणून योजना काढली तेव्हा आम्ही राजाची माहिती दिली. नंतर वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, त्यात साइटीसच्या (धोक्यातल्या जनावरांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतली जनावरं कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली, हिरवा इग्वाना त्यात येतो. फेब्रुवारी २०२४ च्या नियमानं केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, जनावर हातात आल्यापासून ३० दिवसांत, आणि जन्म झाला, दुसऱ्याला दिलं, मेलं, सगळं कळवायचं. आमच्या सीमाभागात याचा वेगळा गोंधळ होतो, कारण माझ्याकडं येणारे निम्मे लोक कोल्हापूर, चंदगड, गडहिंग्लजचे, काही गोव्याचे. त्यांना वाटतं पंधरा-वीस किलोमीटरवर तर आहे, कसला कागद. पण राज्य बदललं म्हणून नोंद चुकत नाही, देणाऱ्यानंपण कळवायचं आणि घेणाऱ्यानंपण. जो "कागद नको काकू, पाचशे कमी करा" म्हणतो त्याला मी देत नाही, कारण जो आज कागद टाळतो तो उद्या जनावरपण टाळणार.

कागदाचा उपयोग मला स्वतःला झालाय. राजाला गच्चीत उन्हाला बसवलं होतं, मागच्या गल्लीतल्या कुणीतरी घोरपड पाळलीय म्हणून कळवलं, वनखात्याची दोन माणसं दारात. त्यांचं बरोबरच होतं, घोरपड पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आहे, पाळणं म्हणजे गुन्हा. मी कागद दाखवले, त्यांनी जनावर बघितलं, पाणी पिऊन गेले. तसंच कासवाचं, महिन्यातून एकदोघं तरी विचारतात "वास्तूसाठी चांदणी कासव मिळंल काय". ते आपलं इथलं रानातलं कासव आहे, तेपण पहिल्या अनुसूचीत, ३ ते ७ वर्षं कैद आहे. आणि नको झालेलं इग्वाना भीमगडच्या रानात सोडू म्हणणाऱ्यांना तर हात जोडते. फ्लोरिडात लोकांनी सोडलेल्या इग्वानांनी काय करून ठेवलंय, बागा खाल्ल्या, कालव्यांच्या काठाला बिळं पाडली. आपल्या थंडीत ते मरेल नाहीतर जगून आपल्या रानाला त्रास देईल, दोन्ही वाईटच.

आपल्या भागात घरात पिल्लं काढणारे मी एकटी नाही, बऱ्याच जणांना मी ओळखते, कुणाकडं इग्वाना, कुणाकडं बॉल पायथन म्हणजे परदेशी अजगर. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून फुकट वाटू नका, आणि सांभाळायची जागा नसेल तर सरळ अंडी ठेवूच नका, घातल्या घातल्या फ्रीझरमध्ये टाकावीत. मलापण पुढच्या वर्षी तेच करायचंय, ऐकायला कठोर वाटतं पण रबरी जबड्याचं पिल्लू बघितल्यावर कठोर वाटत नाही.

२४ पैकी १५ गेलीत, प्रत्येकाचा फोटो महिन्याला येतो, नाही आला तर मी फोन करते. नऊ राहिलीत. सुतार परवा माप घेऊन गेला, दसऱ्यापर्यंत दुसरा पिंजरा होईल. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून ज्यांनी पिल्लं नेली आणि आता सांभाळणं होत नाही त्यांनी हे वाचलं असेल तर घेऊन या, पैसे मागणार नाही, काही बोलणारपण नाही, आणि ज्यांचा फोन लागत नाही त्यांनीपण या. खालचा कप्पा मी त्यांच्यासाठी मोकळा ठेवलाय.

आपली,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव