कॅज्युअल्टीतच शिकवणारी सिस्टर हवी

महोदय,
महामार्गावरचे अपघात, सर्पदंश, छातीत कळ आलेले रुग्ण असे सगळे सोलापुरातल्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत येतात. धाराशिवहून आणि कर्नाटकच्या सीमाभागातूनही येतात. त्यांच्याजवळ सर्वांत आधी पोहोचते ती बहुतेक वेळा सिस्टर. तिला तिथे, त्या खाटेपाशी शिकवणारे मात्र कोणी नसते.

सर्पदंशाचेच घ्या. रक्त गोठते का हे पाहण्यासाठी ते स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवायचे. नळी प्लॅस्टिकची असली, साबणाने धुतलेली असली किंवा मध्येच कोणी हलवून पाहिली, तर निकाल चुकतो आणि प्रतिविषाचा निर्णयही चुकू शकतो. हे पुस्तकात आहे. पण रात्रपाळीच्या गर्दीत हात तसाच चालावा म्हणून शेजारी अनुभवी प्रशिक्षक लागते. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी 10 मिनिटांत निघायला हवा, तेही असेच. सीपीआरची, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची, सवय तर काही महिन्यांत मोडते, प्रमाणपत्र कितीही दिवस वैध असो.

तातडीच्या व आपत्कालीन शुश्रूषेचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आपल्याकडे आहे. तो केलेल्या सिस्टरला वॉर्डाची ड्युटी न देता फक्त शिकवण्यासाठी नेमावे. मनुष्यबळ कमी आहे, हे मान्य. म्हणूनच नव्या मुलींना एकटे सोडू नये. निदान आषाढी वारीच्या आधी तरी मोठ्या रुग्णालयांनी प्रत्येक पाळीत अशी एक प्रशिक्षक द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, सोलापूर