मॅट्रिकच्या जुन्या वर्गांचे दप्तर रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकात शाळाशाळांची टक्केवारी छापून येते. सुट्या लागल्या की माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांच्या बातम्या येतात: अमुक सालची बॅच इतक्या वर्षांनी एकत्र, गुरुजनांचा सत्कार, शाळेला टीव्ही किंवा पाण्याची टाकी भेट, आणि खाली ग्रुप फोटो. दोन्ही बातम्या मी आवडीने वाचते. पण त्या वर्गाने शाळेच्या शेवटच्या वर्षात केले काय, हे दोन्हींतून कळत नाही. पूर्वी ते कळण्याची सोय शाळेतच असे. ती सोय झपाट्याने नाहीशी होते आहे, म्हणून हे पत्र.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असे. निवृत्तीनंतर एका जुन्या शाळेच्या स्मरणिकेचे काम माझ्याकडे आले आणि तिथले एक कपाट पाहायला मिळाले. वरच्या खणात जनरल रजिस्टरे, नीट बांधलेली, सालवार. ती जपली जाण्याचे कारण उघड आहे. दाखल्याची दुसरी प्रत हवी असते, जात पडताळणीला पणजोबांची नोंद लागते, जन्मतारखेचा पुरावा लागतो. शाळेला त्या रजिस्टरांना हात लावू देणे परवडत नाही. खालच्या खणात मात्र कोणाच्याच कामाचे नसलेले सगळे कोंबलेले होते: अकरावीच्या (तेव्हा शाळेचा शेवटचा वर्ग तोच) वर्गांची हस्तलिखिते, म्हणजे मुलांनी हाताने लिहून काढलेले अंक, वक्तृत्व मंडळाची इतिवृत्ते, निरोप समारंभाच्या पत्रिका, सहलीचे जमाखर्च, काठाशी चिरलेली कबड्डीची ढाल, आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले वर्गांचे फोटो. त्यातल्या निम्म्या फोटोंच्या मागे एकही नाव नव्हते.

एक हस्तलिखित तिथेच बसून पूर्ण वाचले. साल १९५८. आखीव फुलस्केप कागद, दोऱ्याने शिवलेले, मुखपृष्ठावर जलरंगात नांगरणीचे चित्र. चित्रकाराने कोपऱ्यात आपली सही एवढी बारीक केली आहे की भिंग लावावे लागले. संपादकीयात नेहमीप्रमाणे 'आमच्या अल्पमतीने' वगैरे आहेच. पण आत एक पान असे आहे की त्यावरून माझी नजर हटेना. त्या वर्गातल्या चार मुलांनी पावसाळाभर शाळेच्या पटांगणात बाटली आणि नरसाळे ठेवून रोजचा पाऊस मोजला होता आणि त्याचा तक्ता मांडला होता. तक्त्यात दोन रकाने कोरे आहेत. खाली टीप: 'या दोन दिवशी नदीला पूर असल्याने कोणासही शाळेत येता आले नाही.' नोंद नाही तर आकडा घालायचा नाही, हे या मुलांना कोणीतरी शिकवले होते आणि त्यांनी ते पाळले होते. त्यांना शेवटी किती टक्के मिळाले हे मला माहीत नाही आणि ते जाणून घ्यावेसेही वाटले नाही. त्या दोन कोऱ्या चौकटी त्या वर्गाची कामगिरी आहे, असे मी मानते.

मॅट्रिकची परीक्षा म्हणजे काय होती हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. मुंबई विद्यापीठाने १८५९ साली ती पहिल्यांदा घेतली. उत्तीर्ण झालेल्या त्या पहिल्या तुकडीत न्या. महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढची नव्वद वर्षे शाळेचा शेवट विद्यापीठाच्या हाती होता. मग १९४९ च्या सुमारास एसएससी बोर्ड आले, तरी लोकांच्या तोंडी 'मॅट्रिक'च राहिले. या परीक्षेत पहिला येणे ही मोठीच गोष्ट होती. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच पटकावली. अशी नावे शाळांच्या लाकडी फलकांवर सोनेरी अक्षरांत लिहिली जात. ते योग्यच होते.

पण माझ्या दृष्टीने मॅट्रिकच्या इतिहासातला सर्वांत मोठा निकाल वेगळाच आहे. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या हिशेबाने हा आकडा कोणी बातमीत छापणार नाही. तरीही त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली, अध्यक्षस्थानी सी. के. बोले होते आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाचा धागा पुढे कुठवर गेला हे महाराष्ट्राला सांगायला नको. गुणपत्रिका तेवढी उरली असती आणि त्या सभेची आठवण कोणी लिहून ठेवली नसती, तर आपल्याला काय कळले असते? शाळेचे शेवटचे वर्ष मुलाच्या हाती काय देते, हे गुणांच्या बाहेरच्या नोंदींतूनच कळते.

अशा नोंदी राज्यभर विखुरलेल्या आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू केले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतली मुले स्वतः रांधत, शेतात राबत, बांधकामाला हात लावत आणि त्याच हातांनी परीक्षेचे पेपर लिहीत. 'कमवा आणि शिका' हे शब्द आपण भाषणात ऐकतो. पण कोणत्या वर्गाने किती दिवस कुठले काम केले, हे त्या वेळच्या वह्यांतच सापडायचे. तसेच १९४२ च्या 'छोडो भारत' चळवळीचे. ९ सप्टेंबरला नंदुरबारात मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. शिरीषकुमार तेव्हा अवघा १५ वर्षांचा होता. त्याचे नाव आपण जपले, जपायलाच हवे. पण त्या ऑगस्ट-सप्टेंबरात राज्यातल्या किती वर्गांवर मुलांनी बहिष्कार घातला, कोण किती दिवस आले नाही, कोणाचे नाव कमी केले गेले, हे शोधायचे तर त्या वर्षीचे हजेरीपट हवेत. किती शाळांकडे ते आहेत?

१९७५ सालाबद्दल तर आत्ताच काहीतरी करायला हवे. त्या वर्षी जुन्या अभ्यासक्रमाची शेवटची अकरावी आणि नव्या १०+२+३ आकृतिबंधाची पहिली दहावी, दोघेही एसएससीला बसले. एकाच शाळेतून दोन वर्ग एकदम बाहेर पडले. थोरली मुले आणि त्यांच्या खालच्या वर्गातली मुले एकाच वेळी पास झाली, काही घरांत तर मोठा भाऊ आणि धाकटी बहीण. एकांनी जुन्या पद्धतीने महाविद्यालयाची वाट धरली, दुसऱ्यांना आधी नवी अकरावी-बारावी करायची होती. निरोप समारंभ एक झाला की दोन? स्नेहसंमेलनात नाटक कोणी बसवले? विद्यार्थी मंत्रिमंडळात मुख्यमंत्री कोणत्या वर्गाचा? ही माणसे आज सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना आज विचारता येईल. फार काळ विचारता येणार नाही.

आता तक्रारीकडे येते. मी पाहिलेल्या शाळांपैकी एकीत सभागृहाला नवा रंग देताना गुणवंतांचे लाकडी फलक उतरवले गेले आणि पुन्हा लागलेच नाहीत. त्यांच्या जागी देणगीदारांच्या नावांची ग्रॅनाइटची पाटी आली. दुसरीकडे इमारत पाडताना कार्यालयातली 'जुनी कागदपत्रे' वजनावर गेली. शाळांची नावे घेत नाही, कारण तिथल्या कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मुख्याध्यापकांना माहिती भरण्याच्या कामातून मान वर काढता येत नाही, लिपिकाचे पद रिकामे असते, आणि या कागदांची जबाबदारी कोणाच्याच कामात धरलेली नसते. जनरल रजिस्टर हरवले तर चौकशी लागते, हस्तलिखित हरवले तर कोणी विचारतही नाही. खरी गोम इथे आहे.

म्हणून माझे म्हणणे माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवते. तुम्ही स्नेहमेळावा भरवता, वर्गणी काढता, शाळेला काहीतरी देऊ पाहता. टीव्ही अवश्य द्या. पण त्याआधी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन एक दिवस त्या कपाटापुढे बसा. आपल्या बॅचचा फोटो शोधा आणि त्याच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, रांगेप्रमाणे नावे लिहा. मुलींची माहेरची नावे लिहा, कारण शाळेत त्या त्याच नावाने होत्या. शिक्षकांचे नुसते 'देशपांडे सर' लिहून थांबू नका, आद्याक्षरे आणि विषय घाला. आणि फोटोत नसलेल्यांचीही आठवण ठेवा. फोटोच्या दिवशी पैसे नव्हते म्हणून किंवा शेतात काम होते म्हणून न आलेले विद्यार्थी प्रत्येक वर्गात असत. मधेच शाळा सुटलेल्या मुलीही त्याच वर्गाच्या होत्या. त्यांची नावे वेगळ्या कागदावर लिहून फोटोसोबत ठेवा.

हस्तलिखितांची पाने खिडकीजवळच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, मोबाइलवर एकेक करून टिपता येतात. त्यासाठी स्कॅनर लागत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून कागद खातो. कौतुकाने लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते परत काढता येत नाही आणि उष्णतेने व प्लास्टिकने जुन्या कागदाचे नुकसानच होते. धुतलेल्या सुती कापडात बांधून कोरड्या, भिंतीपासून सुटलेल्या कपाटात गठ्ठा ठेवला तर बरेच काही वाचते. टिपलेल्या पानांची एक प्रत शाळेत, एक गावाच्या ग्रंथालयात आणि एक बॅचमधल्या दोघातिघांकडे असू द्या.

शिक्षण विभागाने एवढेच करावे की शाळेच्या वार्षिक तपासणीत जनरल रजिस्टराच्या जोडीला 'शाळेचे जुने साहित्य सुरक्षित आहे काय' हा एक प्रश्न घालावा. प्रश्न विचारला गेला की कपाटाला कुलूप लागते, हा शाळेतला माझा अनुभव आहे.

आणि आपल्या दैनिकाला विनंती. निकालाच्या दिवसांत टक्केवारीच्या पानावर एका कोपऱ्यात, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या शेवटच्या वर्गाबद्दल छापा. एक फोटो, नावे, त्यांनी बसवलेले नाटक, काढलेले हस्तलिखित, श्रमदानातून बांधलेली भिंत, जिंकलेली ढाल. मजकूर वाचकच पाठवतील. १९७५ च्या दोन वर्गांपासून सुरुवात करता येईल. वर सांगितलेल्या पावसाच्या तक्त्याचे छायाचित्र माझ्याकडे आहे. शाळेच्या परवानगीने ते आपल्याकडे पाठवण्याची माझी तयारी आहे.

आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका