जीपचे लायनर

धरमपेठ, नागपूर
१२ ऑक्टोबर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना जीपच्या पुढच्या चाकातून जो घर्र आवाज येत होता, तो खडा अडकल्याचा नव्हता. तुझंच खरं निघालं. परवा चाक उघडलं. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतात ते लायनर इतके झिजलेत की त्यांच्या रिबिटांची डोकी थेट ड्रमवर घासत होती. ड्रमच्या आत नखाला लागतील अशा गोल चऱ्या पडल्यात. आणखी थोडे दिवस तशीच चालवली असती तर ड्रमच भंगारात गेला असता.

चाक काढताना बाबा आठवले. या विलीस जीपच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे, हे माहीत नसताना आपण दोघं पान्यावर लोंबकळलो होतो ना? बाबा किती वेळ नुसते बघत उभे होते!

तू फोनवर म्हणालास, तयार शू, म्हणजे लायनर बसवलेल्या लोखंडी कमानी, आण आणि मोकळा हो. आणून पाहिले रे. त्यांना लायनर चिकटवलेले होते. ते वाईट नसतात, रिबिट नसल्याने उलट जास्त झिजेपर्यंत चालतात. पण चऱ्या घालवायला महाल भागातल्या लेथवर ड्रमला कट मारून घेतला होता. त्याने आतला व्यास वाढला आणि मूळ मापाचा शू फक्त मध्ये टेकायला लागला. इकडे बाबांच्या वेळचे शू अजून सरळ, भोकं गोल. मग त्यांनाच जरा जाड लायनर मारायचं ठरवलं.

कामठी रोडवरचे आपले म्हातारे मिस्त्री येऊन शेजारी बसले. हात माझे, नजर त्यांची. मी छिन्नी उचलली तशी त्यांनी काढून घेतली. छिन्नीच्या घावाने शूचं भोक फाटतं, मग नवं रिबिट त्यात कायम ढिलं राहतं. रिबिटाच्याच जाडीचा ड्रिल लावून मागची वळलेली कड तेवढी उडवली आणि पंचाने ठोकून एकेक बाहेर काढलं. दोन शूंना अख्खी सकाळ गेली.

धूळ मात्र मी हवेच्या पाइपने उडवू दिली नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की बाहेर निघत नाही. ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं. मिस्त्री म्हणाले, "आम्ही तं जन्मभर फुकूनच साफ केलं, भाऊ." दिलीप, त्यांना दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत, मध्ये खोकला येतो. मला त्यावर काही बोलताच आलं नाही.

नवा लायनर बसवताना मी टोकाकडून सुरुवात करणार होतो. त्यांनी हात धरला. "आंधी मधात मारा, मंग कडेले जा." टोकं आधी अडकवली की मध्ये फुगा राहतो आणि ब्रेक तापला की लायनर तिथेच तडकतो. म्हणून क्लॅम्पने आवळून मधलं रिबिट, मग एक इकडे, एक तिकडे. पितळी पोकळ रिबिट, डोकं लायनरच्या खोलगट भोकात, पोकळ टोक शूच्या मागे. वाईसमध्ये धरलेल्या सळईवर डोकं टेकवायचं आणि पंचाने टोक फुलासारखं उमलवायचं. जास्त ठोकलं तर चिरतं. माझी तीन चिरली, तिन्ही पुन्हा काढली. त्याच चाकातला मागचा शू आखूड लायनरचा, तो पटकन झाला. पुढच्या लांब लायनरला गाडी पुढे जाताना ड्रम स्वतःकडे ओढून घेतो, सगळा मार तोच खातो.

शेवटी मिस्त्रींनी ड्रमच्या आत खडू फासला, शू आत धरून फिरवला. खडू फक्त टोकांना लागला. तेवढाच भाग पॉलिश पेपरने घासायचा आणि पुन्हा खडू. नवव्या खेपेला लायनर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरा झाला. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त बिडी काढली. मला गळ्याशी दाटून आलं.

पुढची चाकं झाली. मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधून ब्रेकचं तेल गळतंय आणि तिथला लायनर भिजलाय. तेल प्यायलेला लायनर धुऊन उपयोग नाही, तोही बदलतो. ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं, तेवढं ठेवलंय. त्याला पायडलवर माणूस लागतो, आणि बाबा खालून "दाब… धर… सोड" म्हणायचे तेव्हा पायडलवर तूच असायचास. दिवाळीला येतोयस ना? तोवर जीप अंगणात ठोकळ्यांवर उभी आहे.

वहिनींना नमस्कार, काकूंच्या पाया पडतो.

तुझा,
अविनाश