जोडा कायम चौकटीबाहेर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आभासी जगातल्या खरेदीवर लेख आला होता. संगणकातल्या बाहुलीसाठी खरे पैसे मोजून बूट घेणारे वेडे आणि ते विकणारे लबाड, असा त्याचा एकूण सूर होता. मी त्या दुसऱ्या गटातली. अमळनेरला राहते, दिवसा एका पतपेढीत हिशेब बघते आणि रात्री ‘सेकंड लाइफ’ नावाच्या आभासी जगातल्या माझ्या दुकानासाठी जुन्या काळचे जोडे बनवते. लबाडीचं जाऊ द्या. एका जोडीला तिथल्या चलनात अडीचशेच्या आसपास लिंडन डॉलर मिळतात, म्हणजे जेमतेम एक अमेरिकी डॉलर. त्यात कोण कोणाला लुबाडणार? पण या धंद्याला ना चामडं लागतं ना कसब, असं लेखकाने लिहिलं, म्हणून हे पत्र.

चामडं लागत नाही हे खरं. ते आमच्या घरात आधीच पुष्कळ होऊन गेलंय. माझे आजोबा, आबा, स्टेशन रस्त्याला छपराखाली बसून जोडे शिवायचे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा वास त्यांच्या धोतराला असायचा. त्या वासावरून मला शाळेत काय काय ऐकावं लागलं, ते इथे लिहीत नाही. तयार बूट बाजारात आले तसं वडिलांनी, म्हणजे नानांनी, दुकान बंद केलं. पण आबांची चामडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी आणि लाकडी फर्मे, म्हणजे ज्यांच्यावर जोडा चढवून शिवतात ते पायाच्या आकाराचे ठोकळे, हे सगळं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलं.

सेकंड लाइफ २००३ मध्ये लिंडन लॅब या अमेरिकी कंपनीने सुरू केलं. तिथली बहुतेक घरं, कपडे, जोडे कंपनी करत नाही. तिथे वावरणारे लोकच करतात आणि एकमेकांना विकतात. सुरुवातीला ठोकळे आणि नळकांडी जोडून बूट करावे लागत. २०११ पासून बाहेर बनवलेली आकृती आत नेता येते. मी त्यासाठी ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट मिळतं, हे आमच्यासारख्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं. तिथल्या शरीरांचे आकार निरनिराळे कारागीर बनवतात आणि बूट करणाऱ्यांना त्या त्या शरीराच्या पावलाची फाइल देतात. तिच्यावर बूट चढवायचा, शरीर बदललं की पुन्हा नव्याने बसवायचा. हे नानांना समजावायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. आमच्या अहिराणीत म्हणाले, “मंग हाऊ फर्माच शे ना!”

मला मात्र त्यांच्याकडून शिकायला दोन वर्षं लागली. पडद्यावर टाके खरे उभे करत नाहीत, चित्रात दाखवतात. नाहीतर बूट जड होऊन समोरच्याचा संगणक अडखळतो. मी मोठ्या हौसेने एकसारखे, मोजून अंतर ठेवलेले टाके काढले होते. नाना चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, हे मशीनचं काम आहे. हाताचा टाका अंगठ्याच्या वळणावर दाट होतो, सरळ बाजूला सैल पडतो. आणि दोऱ्याची दोन्ही टोकं एकाच भोकातून जातात, तुझा दोरा तर हवेतून येतोय. कसब लागत नाही म्हणणाऱ्या लेखकाने एकदा आमच्याकडे चहाला यावं.

दुसरी गंमत डाव्या-उजव्याची. संगणकात एक बूट केला की आरशातल्यासारखा उलटवून दुसरा पाय तयार होतो. पण आबांच्या जुन्या जोड्यात डावा-उजवा नव्हताच. राजस्थानी मोजडीतही नसतो, आणि युरोपातसुद्धा साधारण १६०० नंतर दोनशे वर्षं बूट सरळच शिवत होते. “जोडा आठ दिनमा पाय वळखस,” असं आबा म्हणत. पडद्यावरचा जोडा आठ वर्षांतही पाय ओळखत नाही. म्हणून मी वापरलेला जोडाच रंगवते: अंगठ्याखाली काळपट, बाहेरच्या कडेला झिजलेला, टाचेला दबलेला.

आता मुख्य मुद्दा. जुना बूट करायचा तर त्याचं माप लागतं. आर्मेनियातल्या अरेनी गुहेत २००८ मध्ये साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा एक जोडा सापडला. तो उजव्या पायाचा, २४.५ सेंटिमीटर लांबीचा, गाईच्या एकाच चामड्यातून कापलेला, चामडी वादीने आवळलेला आणि आत गवत भरलेला. एवढं सगळं जगजाहीर असल्यामुळे मी तो दोन रात्रींत केला. इंग्लंडमधल्या लांब चोचीच्या जोड्यांचंही तसंच. तिथे १४६३ मध्ये कायदाच झाला की लॉर्डहून खालच्या दर्जाच्या माणसाच्या जोड्याची चोच बोटांपुढे दोन इंचांहून जास्त जाता कामा नये. कायद्यात इंच लिहिलेत, मग मला काय हवं? टोरांटोला तर नुसत्या पादत्राणांचं बाटा संग्रहालय आहे, १९९५ पासून.

आणि पेशवाईतला मराठी जोडा? आठ महिने गेले.

कारण आपला जोडा चित्रात नसतोच. जेम्स वेल्स हा विलायती चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात राहून पेशवे दरबारातली माणसं रंगवत होता. अशा बैठकीच्या चित्रांत पगडीचे पीळ मोजता येतात, शेल्याची किनार दिसते, मोत्यांचा तुरा दिसतो. जोडा दिसत नाही, कारण तो दाराबाहेर काढून ठेवलाय! गालिच्यावर जोडा घालून कोण बसेल? देवळात नाही, घरात नाही, दरबारात नाही. ज्या ज्या जागी चित्रकार बसायचा, त्या त्या जागी जोडा उंबऱ्याबाहेर. आणि तो शिवणारा तर त्याच्याही पलीकडे.

लिखाणातही तीच गत. १७९२ मध्ये महादजी शिंदे पुण्याला आले तेव्हा सवाई माधवरावांसमोर त्यांनी काखेतलं गाठोडं सोडून नवा जोडा काढला आणि हेच आपलं वडिलोपार्जित काम, असं सांगितलं, अशी हकिकत मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने लिहून ठेवली आहे. महादजींच्या नम्रतेवर, त्यामागच्या राजकारणावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. पण जोडा लाल होता की बदामी? चोच वळलेली होती की बसकी? आमच्या घरी हा किस्सा निघाला की नाना नेमका हाच प्रश्न विचारतात.

शेवटी मी सारंगखेड्याला गेले. दत्तजयंतीच्या यात्रेत तिथे घोड्यांचा बाजार भरतो, दूरदूरचे व्यापारी येतात. सगळे घोड्यांचे फोटो काढत होते, मी माणसांच्या पायांचे. दोन-तीन जणांनी संशयाने पाहिलं. एका राजस्थानी म्हाताऱ्याने मात्र मोजडी काढून हातात दिली, उलटी करून तळ दाखवला, टाच कशी दुमडून आत घेतात ते दाखवलं. ती मोजडी, आबांचे फर्मे आणि नानांची आठवण, यांच्या जोरावर माझा ‘चढाव’, म्हणजे तो पेशवाईतला जोडा, उभा राहिला. दुकानातल्या माहितीत मी स्पष्ट लिहिलंय: टाके आणि तळ कारागिराकडून कळलेले, चोचीचं वळण माझ्या अंदाजाचं. ऐतिहासिक म्हणून विकत नाही, इतिहासावरून सुचलेला म्हणून विकते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. गिऱ्हाइकाला वाटतोच असं नाही. चढावाच्या पहिल्या गिऱ्हाइकाने तो समुद्री चाच्याच्या पोशाखावर घातला.

या शोधात मी एका संग्रहालयातही गेले होते. नाव लिहीत नाही. काचेच्या पेटीत एक जुना जोडा होता, खाली ‘जोडे’ एवढीच चिठ्ठी. तळाचा फोटो मिळेल का, असं विचारलं. फोटोला बंदी. मग माप तरी? तिथले गृहस्थ भले होते, पण म्हणाले, ताई, तलवारीचं माप विचारतात लोक, जोड्याचं आजवर कोणी विचारलं नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा आपण सगळे संतापलो, आणि बरोबरच होतं. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. तिच्या कानाला, वेणीला, अंगठ्याला नावं आहेत, म्हणून तिची नक्कल ओळखता आली. आमच्या खान्देशातल्या जोड्याची उद्या कोणी नक्कल केली तर ओळखणार कोण?

थोडं विषयांतर. नानांना सुरुवातीला हे सगळं हास्यास्पदच वाटलं होतं. तिथल्या बाहुल्यांना ‘अवतार’ म्हणतात हे कळल्यावर म्हणाले, “अवतारले जोडा कसाले? देव तं अनवानी ऱ्हातस.” तेव्हा मी त्यांना सूर्यमूर्तींचे फोटो दाखवले. उत्तरेकडच्या जुन्या सूर्यमूर्तींच्या पायात चक्क गुडघ्यापर्यंत बूट असतात. वराहमिहिराने बृहत्संहितेत सांगूनच ठेवलंय की सूर्याचा वेश उत्तरेकडचा असावा, पायापासून छातीपर्यंत झाकलेला. मथुरेच्या संग्रहालयातला कुशाण राजा कनिष्काचा मस्तक नसलेला पुतळाही तसेच जाडजूड बूट घालून उभा आहे. ते बूट मी केले आणि बऱ्यापैकी खपले. सगळ्यात जास्त मात्र काय खपलं असेल? आपल्या शेतकऱ्यांचं टायरचं पायताण. काळ्या रानातल्या बाभळीच्या काट्यांना तेच पुरून उरायचं. मी तळाला टायरची नक्षीसुद्धा काढली आहे, अवतार मांडी घालून बसला की ती दिसते. नानांनी टायर ओळखला: ट्रॅक्टरचा नाही, ट्रकचा.

तर संपादक महोदय, त्या लेखाचा खुलासा छापा असं माझं म्हणणं नाही. एक विनंती आहे. आपला पेपर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावोगाव जातो. जोडे शिवलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. आपल्या वार्ताहरांनी गावातल्या अशा एखाद्या म्हाताऱ्याकडे तासभर बसून त्याच्या हत्यारांची आणि जोड्याच्या भागांची नावं, तो ज्या शब्दांत सांगेल त्याच शब्दांत उतरवून घ्यावीत. आणि कोणाच्या माळ्यावर, कोठीच्या खोलीत पणजोबांचा जोडा पडलेला असेल तर तो भंगारात देण्याआधी त्याचे फोटो काढून आपल्याकडे पाठवावेत: वरून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि मुख्य म्हणजे तळाचा. आधी धुऊ नका, पॉलिश करू नका. शेजारी मोजपट्टी ठेवा. नसेल तर आगपेटी चालेल.

आपली,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)