गाडी सायलेंट करताय? आधी दरवाजाची भोकं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत गाडी घरच्या घरी साउंडप्रूफ कशी करायची यावर लेख आला होता. विषय चांगला घेतला, आमच्या कंपनीतल्या दोघा-तिघांनी तर वाचून पत्र्याला आतून चिकटवायच्या रबरी शीटा लगेच ऑनलाइन मागवल्या पण. पण त्यात दरवाजा आतून शीटने पूर्ण झाकून टाका, एकही जागा मोकळी सोडू नका असा जो सल्ला आहे ना, तो वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. मी नाशिकच्या अंबडला प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवतात तिथे आहे, पत्रा कसा वाजतो आणि कसा गंजतो हेच दिवसभर बघतो, आणि स्वतःच्या गाडीचं हे काम बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून केलंय, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

पहिलं पाण्याचं. गाडीचा दरवाजा वॉटरप्रूफ नसतो, कंपनी तो तसा बनवतच नाही. काचेला बाहेरून जे रबर असतं त्याच्या फटीतून पावसाचं पाणी दरवाजाच्या पोटात उतरतंच, आणि खालच्या कडेला लांबट छोटी भोकं असतात त्यातून निघून जातं. ही भोकं शीटखाली गेली की पाणी आतच साठतं. सिडकोत आमचे एक नातेवाईक आहेत, त्यांनी दुकानातून काम करून घेतलेलं, पैसे देऊन, आणि ऐन श्रावणात त्र्यंबकला जाताना प्रत्येक वळणावर दरवाजातून डुचुक डुचुक ऐकू यायला लागलं. दरवाजा खोलला तर खालची घडी आतून तांबडी झालेली, कारण पाणी नेमकं जिथे दोन पत्रे दाबून जोडलेले असतात तिथेच मुरतं आणि तिथला गंज बाहेरून रंगावर फोड आल्याशिवाय कळत नाही. आता शीट खरवडून काढायची म्हणजे चिकट काळा डिंक, रॉकेल आणि पूर्ण रविवार. शीट लावायच्या आधी ती भोकं खडूने मार्क करून ठेवा आणि त्यांच्या वर चार बोटं जागा कोरी सोडा, एवढी एक ओळ जरी त्या लेखात असती तरी मी पत्र लिहिलं नसतं.

दुसरं म्हणजे पूर्ण झाकायची गरजच नसते, आणि हे का ते कुणी सांगत नाही कारण दुकानदाराला स्क्वेअर फुटावर पैसे मिळतात. ही जी ब्यूटाइल रबराची शीट असते, वरून अ‍ॅल्युमिनियमचा फॉइल, जाडी साधारण २ मिमी, ती आवाज अडवत नाही, ती पत्र्याचं थरथरणं मारते. स्टीलचं ताट हातातून पडलं की वाजत राहतं ना, त्यावर नुसतं बोट टेकवलं की गप्प होतं, त्यासाठी पूर्ण ताटावर हात पसरावा लागत नाही, तसंच आहे हे. मोठ्या सपाट पत्र्याच्या मधला पाव भाग झाकला तरी थरथर बरीचशी मरते. उरलेला पाऊण भाग झाकून फायदा थोडासाच वाढतो पण वजन आणि बिल चौपट. पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करून बघा, आधी टण्ण येतं, शीट लागली की ठप्प येतं, ठप्प आलं की थांबायचं.

मग आवाज अडवायचा कशाने? तर वजनाने. जड आणि लुळं असं काहीतरी मध्ये लागतं, बाजारात एमएलव्ही म्हणून व्हायनिलचा जड रोल मिळतो, चौरस मीटरला पाचेक किलो भरतो. त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये फोमचा पातळ थर द्यायचा म्हणजे तो पत्र्याला चिकटून त्याच्यासोबत हलत नाही. अडवणाऱ्या थराचं वजन दुप्पट केलं की कागदावर साधारण ६ डेसिबल फरक पडतो, पण फट ठेवली तर सगळं पाण्यात, थराच्या फक्त एक टक्का जागेत भोक असेल तर बाकीचं कितीही जाड करा, २० डेसिबलच्या पुढे जाताच येत नाही. म्हणून सांगतो, नवशिक्याने फ्लोअरला एमएलव्हीच्या मागे लागू नये, तुकडे तुकडे जोडून फटी राहतात आणि गाडीत वीस किलो वजन उगाच फिरत बसतं.

आता मुद्द्याचं, जे लेखात आलंच नाही. आवाज कुठला आहे ते आधी ओळखायला पाहिजे. द्वारका सर्कलला सिग्नलला उभे असताना त्रास होतो तो हॉर्नचा आणि बाजूच्या डंपरचा, तो येतो काचेतून आणि रबरातून. गंगापूर रोडला चाळीसच्या स्पीडला खडखड होते ती प्लास्टिकची आणि डिकीतल्या जॅक-पान्याची. आणि समृद्धी महामार्गाला लागलात की शंभरच्या पुढे जो सलग सूंSSS येतो तो टायर आणि काँक्रीटचा, त्यात वाऱ्याचा मिसळतो. तीन आवाज, तीन वेगळे इलाज, आणि दरवाजाला शीट लावून यातला एकही पूर्ण जात नाही हे आधी समजून घ्या म्हणजे नंतर शीटवाल्याला शिव्या द्यायची वेळ येत नाही.

खडखडीला तर जवळजवळ फुकटात इलाज आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जिकडे तिकडे खोदलंय, त्यामुळे सध्या नव्या गाड्यासुद्धा वाजतायत. बायकोला नाहीतर पोराला गाडी चालवायला द्या, तुम्ही मागे बसा आणि हाताने एकेक प्लास्टिक दाबत जा, दाबल्यावर जे गप्प होतं ते गुन्हेगार. तिथे वायरिंगची कापडी टेप, नाहीतर फोमची पट्टी. नंबरप्लेट, सीटबेल्टचं बक्कल, ग्लोव्हबॉक्स, स्टेपनीचा नट, सायलेन्सरवरचा पातळ पत्रा, निम्मी खडखड इथेच सापडते. दरवाजाचं रबर बघायचं असेल तर फटीत दहाची नोट धरून दरवाजा लावा आणि ओढा, सहज सुटून आली तर तिथून वारा आणि आवाज दोन्ही येतात, बीडिंग बदला, शीटच्या खर्चाच्या मानाने ते काहीच नाही.

टायरचा आवाज मात्र चिवट. हवा जास्त भरलेली असेल तर ती आधी दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे करा. टायर झिजून त्याला चढउतार पडले असतील तर तो हूं हूं करतोच, त्यावर शीट कितीही लावा. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, जो घूंघूं आवाज स्पीडबरोबर वाढतो आणि वळणावर कमी-जास्त होतो तो बहुतेक वेळा व्हील बेअरिंगचा असतो. तो दाबायचा नाही, तो मेकॅनिकला दाखवायचा. आमच्याकडे मशीनचा आवाज बदलला की ऑपरेटर आधी मशीन बंद करतो, कानात बोळे घालत नाही. गाडी शांत करणाऱ्या माणसाने आधी एक चक्कर गॅरेजला मारून बेअरिंग, इंजिन माउंटिंग, ब्रेक सगळं बघून घ्यावं, मग शीट घ्यावी. कसारा घाटात ब्रेकचा कर्रर्र ऐकू आला नाही तर त्या शांततेचं करायचं काय.

एवढं सगळं करून उरलेल्या टायरच्या आवाजासाठी शीट लावायची जागा म्हणजे मागच्या चाकांचे आर्च (चाकावरची पत्र्याची कमान) आणि डिकीचा तळ, स्टेपनीचा खड्डा धरून. बहुतेक छोट्या गाड्यांना तिथे कंपनीने हात आखडता घेतलेला असतो, आणि डिकी खोलायला सोपी, सीट काढावी लागत नाही, चुकलं तरी दिसत नाही. सुरुवात इथून करा असं माझं स्पष्ट मत आहे, दरवाजा दुसऱ्या नंबरला. शीटच्या वर जो थर द्यायचा तो क्लोज्ड सेलचा फोम, जो पाणी पीत नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओत असतो तसला खाचाखाचांचा फोम बरेच जण आणतात, तो खोलीतला घुमारा कमी करायला असतो, बाहेरचा आवाज अडवत नाही, वर पाणी धरून पत्रा सडवतो. थर्माकोल तर नकोच नको. गाडीच्या आतलं मटेरियल किती हळू जळायला हवं याला भारतात आयएस १५०६१ हे स्टँडर्ड आहे, थर्माकोल, गादीचा फोम आणि घरातला जुना गालिचा त्याचा विचार करून बनवलेले नसतात. आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची डांबरशीट स्वस्त पडते म्हणून वापरणाऱ्यांनी एप्रिलमध्ये गाडी दोन तास उन्हात लावून मग आत बसून दाखवावं, वास डोक्यात जातो आणि टपाला लावलेली असेल तर सुटून खाली येते.

दरवाजाचं काम करणाऱ्यांसाठी थोडं. स्क्रू दोन जागी लपलेले असतात, आतल्या हँडलच्या मागे आणि हात ठेवायच्या खाचेत, झाकण्या काढल्या की दिसतात. मग डोअर पॅड, म्हणजे दरवाजाचं आतलं प्लास्टिकचं आवरण, खालच्या कोपऱ्यातून प्लास्टिकच्या पट्टीने उचकायचा, स्क्रू ड्रायव्हरने नाही, रंग जातो. दोन-चार क्लिपा तुटणारच, आधीच जास्तीच्या आणून ठेवा. मागे पॉवर विंडोची वायर आणि हँडलची केबल असते, पॅड एकदम ओढू नका. आतला प्लास्टिकचा कागद फाडायचा नाही, तो पाणी पॅडपर्यंत येऊ देत नाही, तो फाटला की कार्पेट ओलं आणि गाडीत कुबट वास, मग लोक परफ्यूम लावत बसतात. पत्रा स्पिरिटने पुसायचा, शीट रोलरने दाबायची, फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत. थंडीत निफाडकडे पारा पाच-सहावर येतो तेव्हा ब्यूटाइल नीट चिकटत नाही, हेअर ड्रायरने कोमट करून घ्या, नाहीतर काम मार्चला ढकला. हातमोजे घाला, फॉइलची कडा ब्लेडसारखी कापते. आणि पॅड लावायच्या आधी काच एकदा पूर्ण खाली, पूर्ण वर करून बघा, काचेच्या वाटेत शीट आली असेल तर आत्ताच कळेल. बोनस म्हणजे दरवाजातला स्पीकर सुधारतो, कंपनीच्याच स्पीकरला बेस येतो, नवीन स्पीकरचे पैसे वाचतात.

फ्लोअर करायचं तर सीट काढाव्या लागतात, आणि इथे मी सरळ सांगेन की हे घरी करू नका. सीटखाली पिवळे कनेक्टर असतात, पिवळा रंग म्हणजे एअरबॅग आणि बेल्टच्या यंत्रणेचा. बॅटरीचा निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये लिहिलंय तितका वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि कनेक्टर सुटा असताना चुकून चावी फिरवली तर मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा पेटतो तो बऱ्याचदा स्कॅनर लावल्याशिवाय जात नाही. टपाचं अस्तर पण काढू नका, कडेने कर्टन एअरबॅग असते आणि अस्तराला एकदा घडी पडली की पडली. खांबांच्या पोकळीत स्प्रेचा फोम मारणारे व्हिडिओ फिरतायत, त्या पोकळीतून पाण्याच्या नळ्या आणि वायरिंग जातं, बघा बुवा.

बाकी नटवण्याचं म्हणाल तर ज्याची त्याची हौस, मला त्यात पडायचं नाही. फक्त दोन गोष्टी. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल (सीटच्या बाजूला छोटं लेबल असतं) तर साधं रेग्झीनचं कव्हर चढवू नका, एअरबॅगच्या जागी सुटणारी शिवण असलेलंच घ्या. आणि ड्रायव्हरच्या पायाखाली कंपनीची मॅट, तिच्यावर बाजारातली जाड सेव्हन-डी मॅट, तिच्यावर रबरी असे मजले चढवू नका, मॅट सरकून अ‍ॅक्सिलरेटरखाली अडकते. एलईडी पट्ट्यांसाठी चालू वायर सोलून जोड मारण्यापेक्षा फ्यूजबॉक्समधून वेगळा फ्यूज टाकून लाइन घ्या, इलेक्ट्रिशियनला अर्ध्या तासाचं काम आहे.

फरक किती पडतो म्हणून मोबाइलवरच्या ॲपने मोजाल तर आकडा दोन-तीनच डेसिबलने उतरलेला दिसेल आणि वाटेल पैसे गेले. तसं नाही. ही ॲपं बहुतेक करून कानाच्या हिशोबाने मोजतात, त्यात खालच्या सुरातली घरघर कमी धरली जाते, आणि शीटने मरते ती नेमकी तीच घरघर. शिवाय ३ डेसिबल उतरले म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी झाली, कानाला मात्र निम्मं वाटायला साधारण १० उतरावे लागतात. मोजायचंच तर तोच रस्ता, तोच स्पीड, एसीचा पंखा बंद, काचा बंद, नाहीतर मोजू नका. माझ्या गाडीत डिकी, आर्च आणि पुढचे दोन दरवाजे एवढंच केलंय, आता सिन्नरपर्यंत जाताना मागच्या सीटवरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत नाही, याच्या पुढे मला काही नको होतं.

तेव्हा संपादक साहेब, विनंती एवढीच की पाऊस सुरू व्हायच्या आत त्याच पुरवणीत दरवाजाखालच्या भोकांचा एक फोटो छापा, खाली दोन ओळी, कुठे शीट लावायची नाही ते. लेखकाचं नाव खराब करायचं नाहीये, बाकी लेख उपयोगीच होता. आणि ज्यांनी आधीच काम करून घेतलंय त्यांनी घरी एक करा, काच बंद करून काचेच्या कडेने तांब्याभर पाणी सोडा आणि खाली वाकून बघा. दोनेक मिनिटांत दरवाजाखालून ठिबकायला लागलं तर ठीक, नाही ठिबकलं तर दुकानदाराला फोन लावा आणि पॅड खोलून मोकळं करून घ्या, त्याचे वेगळे पैसे देऊ नका.

आपला,
एक नियमित वाचक,
अंबड, नाशिक