तीन पट्ट्या खाली

धंतोली, नागपूर
१७ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, पुण्यात एक जुना रेकॉर्ड प्लेयर विकायला आलाय, दिसायला झकास आहे, घेऊन टाकू का? मी तेव्हाच म्हटलं, थांब, पत्र लिहितो. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. तेव्हा हे वाचून होईपर्यंत पैसे काढू नकोस. आगाऊ रक्कमसुद्धा नाही.

माझं यंत्र कसं आलं तेच आधी सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

दीड वर्षापूर्वी इतवारीत लोहा ओळीच्या मागच्या एका गल्लीत मी नळाच्या तोट्या शोधत होतो. एका जुन्या सामानाच्या दुकानात, दोन टेबलफॅनच्या खाली, लाकडी बैठक असलेलं काहीतरी दिसलं. फॅन उचलले तर ड्युअल कंपनीचा रेकॉर्ड प्लेयर, ड्युअल १२१९. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधलं सांक्ट गेऑर्गेन हे या कंपनीचं गाव. श्टायडिंगर भावांनी १९०७ साली तिथे कारखाना काढला, पुढे १९२७ मध्ये चावीवरही आणि विजेवरही चालणारी मोटर बनवली, आणि त्या दुहेरीपणावरून कंपनीला ड्युअल हे नाव मिळालं. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की तबकडी ठेवायची थाळी हातानं फिरवली तर ती कितीतरी वेळ आवाज न करता फिरत राहते. जड थाळी, आणि बेअरिंगमध्ये कणभरही खरखर नाही. मी तिथेच बसलो.

दुकानदारानं सांगितलं, अमेरिकेतून परत आलेल्या कोणाच्या तरी घरचं सामान आहे. सोबत एक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरही होता, कारण यंत्र तिकडच्या ११० व्होल्टचं. त्यानं एक तबकडी लावून दाखवली. आवाज जरा जड, झोपाळलेला वाटला. मी तसं म्हटलं, तर म्हणाला, "भाऊ, वर्षानुवर्षं बंद होती ना. गरम झाली का बरोबर होऊन जाते." साडेसहा हजारांत मी ते घरी आणलं.

गरम होऊन काही बरोबर झालं नाही. पण जुन्या यंत्रात ग्रीस आळतं, तेल सुकतं, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी कामाला लागलो. सलग तीन रविवार. आत ज्या तरफा सरकतात, त्यांच्यावरचं ग्रीस वाळलेल्या मेणासारखं पिवळं आणि घट्ट झालं होतं. हेअर ड्रायरनं ते मऊ करायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, आणि नवं अगदी बोटाला लागेल इतकंच लावायचं. मोटरच्या बेअरिंगला पातळ तेलाचे दोन थेंब. तेलाचा शिंतोडा रबरावर जाता कामा नये, कारण तेल लागलं की रबर घसरायला लागतं. हे रबर म्हणजे आयडलर, मोटरची पुली आणि थाळी यांच्यामध्ये अडकून फिरणारं छोटं चाक. ते अल्कोहोलनं पुसलं, कडेवरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवला, तेव्हा त्याची चकाकी जाऊन पकड आली.

एवढं सगळं केल्यावरही आवाज तसाच. वेग केसभरही वाढला नव्हता. वेग किंचित कमीजास्त करायचं बटण असतं त्यावर, पण ते फार तर अर्ध्या स्वरापुरतं. तेही शेवटापर्यंत फिरवून झालं.

आणि मग महाल भागातली आत्या आली. तुला आठवत असेल ती, गणपतीत आपल्याला पेटीवर बसवायची. आता ८१ वर्षांची आहे, अजूनही संध्याकाळी चार मुलींना शिकवते. मी वसंतराव देशपांड्यांची एलपी लावली. वसंतराव म्हणजे तिचं दैवत. ते इथेच नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे शिकले, आणि तिनं त्यांना समोर बसून ऐकलंय. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "हे वसंतराव नाहीत रे. त्यांना ताप आल्यासारखे गाऊन राहिले."

मी म्हटलं, यंत्र बिघडलंय आत्या. ती म्हणाली, पेटी आण.

पेटीवर तिनं काय केलं ते नीट वाच. मोबाइलवर तेच गाणं लावायला सांगितलं आणि पेटीवर सा शोधला. मग तबकडी लावायला लावली, पुन्हा सा शोधला. काळ्या-पांढऱ्या मिळून बरोबर तीन पट्ट्या खाली. तबकडीच्या सुरुवातीला तीन पट्ट्या, मध्ये सुई टेकवली तरी तीन, शेवटच्या कडव्यालाही तीनच. पेटीचा भाता सोडून ती म्हणाली, "बिघडलेली वस्तू हेलकावते. ही हेलकावत नाही. ही नेमाने खाली आहे. हिला कोणीतरी वेगळ्या पट्टीत बसवलंय."

मी थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला ३३ व्हायला हवे होते, भरले जेमतेम २८. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० वेळा लहरते, आपल्याकडे ५०. या यंत्राची मोटर त्या लहरींच्या तालावरच फिरते. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, लहरी बदलत नाही. सव्वातेहतीसपेक्षा थोडं जास्त, म्हणजे ३३⅓, त्याचे सहा भाग केले आणि पाच घेतले की २७.८. सहास पाच हे प्रमाण म्हणजे सुरांत जवळजवळ तीन पट्ट्यांचं अंतर. काळी चारमध्ये म्हटलेलं गाणं पांढरी चारमध्ये उतरतं. यंत्र ठणठणीत होतं. ते फक्त अजून अमेरिकेतच होतं.

उपाय सुपारीपेक्षा लहान. मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० लहरींच्या, देशांसाठी तिचा घेर थोडा मोठा असतो. जर्मनीतून एका जुन्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडून मागवली, यायला पाच आठवडे लागले. दोन बारीक स्क्रू सोडवून जुनी काढली, नवी बसवली, उंची जुळवली. वेग तपासायला कागदी स्ट्रोब चकती असते, कडेला रेघा छापलेली. आपल्या ५० हर्ट्झच्या उजेडात ३३⅓ साठी त्या १८० लागतात. थाळीवर ती फिरवायची, वर चोकवाली जुनी ट्यूबलाइट लावायची. तिची उघडझाप सेकंदाला १०० वेळा होते. वेग बरोबर असला की फिरणाऱ्या रेघा जागच्या जागी उभ्या राहतात. एलईडी बल्बखाली बहुधा हे दिसत नाही. मला माळ्यावरची जुनी ट्यूबलाइट काढून जोडावी लागली. रेघा थांबल्या, बंड्या. मी आत्याला फोन केला आणि यंत्राजवळ धरला. ती पलीकडून काहीच बोलली नाही, बाजू संपेपर्यंत.

आता तुझ्या पुण्याच्या यंत्राचं. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचार, की कुठून आलंय आणि मागे किती हर्ट्झ लिहिलंय. रबरी पट्ट्यावर म्हणजे बेल्टवर चालणारी, आयडलरवर चालणारी आणि थेट मोटरवर बसवलेली, अशा तीन जातींत ती येतात. टेक्निक्सचं एसएल १२००, जे १९७२ साली आलं, ते तिसऱ्या जातीचं. त्याच्या मोटरचा वेग विजेच्या लहरींवर ठरत नाही. तसलं चांगल्या स्थितीत आणि परवडेल अशा भावात मिळालं तर डोळे झाकून घे. पट्ट्याचं असेल तर पट्टा सैल झालेलाच असणार, नवा सहज मिळतो. आयडलरचं असेल तर रबराला खळगा पडलाय का बघ. यंत्र चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद केलं, की चाक पुलीला दाबलेलंच राहतं आणि तिथे दबतं. मग प्रत्येक फेऱ्याला धप्प, धप्प ऐकू येतं. म्हणून कायम यंत्राच्या दांडीनंच बंद करायचं, घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेव.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझ्या यंत्राचा सुई धरणारा हात आपोआप उचलला जायचा, पण तबकडीकडे सरकायचाच नाही, जागेवर परत बसायचा. कारण एका पिनेच्या टोकावरची रबराची नळी झडून गेली होती. तांदळाच्या दाण्याएवढी. जर्मन लोक तिला स्टॉयरपिंपल म्हणतात. ती घर्षणानं हाताला ढकलते, बाकी काम काही नाही. महालातल्या सायकलच्या दुकानातून मी व्हॉल्व्ह ट्यूब आणली, ब्लेडनं दोन मिलिमीटरचा तुकडा कापला. थाळी काढून ठेवली, हात दोऱ्यानं बांधला, यंत्र उलटं केलं आणि चिमट्यानं तो तुकडा पिनेवर चढवला. चार वेळा निसटला. पाचव्यांदा बसला. दांडी ओढल्यावर हात उठला, सावकाश आत सरकला आणि पहिल्या खाचेत अलगद उतरला. मी तो त्या संध्याकाळी दहा वेळा तरी उतरवून पाहिला असेल.

सुईची हयगय करू नकोस. तुमच्या धरमपेठच्या घरच्या एचएमव्ही फिएस्टाची सुई कित्येक ग्रॅमनं दाबायची, त्यानं तबकड्यांच्या खाचा खरवडल्या. चुंबकी कार्ट्रिज, म्हणजे हाताच्या टोकाला सुई बसवलेली डबी, दीड-दोन ग्रॅममध्ये वाजतं. माझ्यावर शुअरचं आहे. त्या कंपनीनं २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, पण जपानच्या जिको कंपनीच्या सुया त्याला बसतात. वजन मी सराफा ओळीतून आणलेल्या छोट्या डिजिटल काट्यावर तपासतो. काट्याचं ताट स्टीलचं असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याला ओढतं आणि आकडा खोटा येतो, म्हणून वर जाड पुठ्ठा ठेवून, काटा शून्यावर आणून मोजायचं. आणि अँप्लिफायरला फोनोचं तोंड, म्हणजे रेकॉर्ड प्लेयर जोडायची जागा, आहे का बघ, नसेल तर वेगळा फोनो प्रीअँप घ्यावा लागेल.

तुझ्याकडच्या ७८ च्या लाखेच्या तबकड्या मात्र एलपीच्या सुईवर लावू नकोस. त्यांची खाच रुंद, सुई वेगळी लागते. त्यांना अल्कोहोल तर अजिबात नको, लाख विरघळते. साध्या एलपीला डिस्टिल्ड वॉटर, मऊ कापड, आणि गोल गोल, खाचेच्या दिशेनं.

इथल्या उन्हाळ्यानं मला दोन धडे दिले. मे महिन्यात खिडकीपाशी ठेवलेली एक भावगीतांची एलपी दुपारभरात पापडासारखी वाकली. ती परत सरळ झाली नाही, आणि ती बाजारात पुन्हा मिळाली नाही. दुसरं कूलरचं. त्याची ओली हवा थेट कपाटावर यायची, तर पावसाळा लागेपर्यंत चार वेष्टनांवर बुरशी. आता कपाट आतल्या भिंतीला, तबकड्या उभ्या, एकमेकींवर रेललेल्या नाहीत.

दिवाळीनंतर येणार म्हणालास ना, तर यायचंच. काकांच्या तबकड्यांची पेटी आण. गाडीनं आलास तर ती डिकीत उन्हात तापू देऊ नकोस, सीटखाली उभी ठेव. सकाळी तर्री-पोहे खाऊ आणि दुपारी दारं लावून बसू. त्या यंत्राचा मागच्या बाजूचा, आकडे लिहिलेल्या पट्टीचा फोटो आधी पाठव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नान्या

ता. क. आत्याला सांगितलं तू येणार. ती विचारते, वेग तपासायला पेटी घेऊन पुण्याला यावं का. विचार करून कळव, ती खरंच येईल.