मोजपट्टी कुणाच्या हातात? इथिओपियाच्या नियोजनमंत्र्यांना खुले पत्र

मा. नियोजन व विकास मंत्री,
इथिओपिया सरकार, अदिस अबाबा

स.न.वि.वि.

२०२७ची जागतिक हवामान परिषद अदिस अबाबात भरणार, याबद्दल आपले अभिनंदन. पण नोव्हेंबर २०२५मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमच्या परिषदेत जिथे हे यजमानपद आपल्याकडे आले, तिथेच हवामान बदलाशी जुळवून घेणे, म्हणजे अनुकूलन, मोजण्याच्या आफ्रिकेच्या दशकभराच्या कामावर बोळा फिरवला गेला. आणि तो घोळ निस्तरायचे काम ‘बेलेम-अदिस’ असे नाव देऊन आपल्याच दारात आणून टाकले आहे. म्हणून हे पत्र.

अनुकूलनाचे जागतिक उद्दिष्ट ही मुळात आफ्रिकी देशांच्या गटाची मागणी. २०१५मध्ये ती पॅरिस कराराच्या सातव्या कलमात आली. २०२३मध्ये दुबईत पाणी, अन्न, आरोग्य, परिसंस्था, पायाभूत सुविधा, उपजीविका आणि सांस्कृतिक वारसा ही सात क्षेत्रे ठरली. मग प्रगती मोजायची कशी, हे ठरवायला दोन वर्षांचा कार्यक्रम आखला गेला आणि त्यात ७८ तज्ज्ञ बसले. नऊ हजारांहून अधिक निर्देशक चाळून त्यांनी आधी ४९० आणि शेवटी १०० निवडले. बेलेम परिषदेच्या शेवटच्या दिवसांत त्या १००चे ५९ झाले आणि उरलेल्यांचीही भाषा बदलली. आफ्रिकी गट आणखी दोन वर्षांची मुदत मागत होता. ती मिळाली नाही. समारोपाच्या सभेत सिएरा लिओनने हरकत घेतली, इतरांनीही घेतली, पण तोवर हातोडा पडला होता.

हे केवळ कागदी भांडण नाही. निर्देशक म्हणजे अंश, छेद, एकक, आधारवर्ष आणि माहितीचा स्रोत. यातले एक जरी सुटले तरी तो मोजता येत नाही. पाण्याच्या ताणाचा प्रचलित निर्देशक घ्या: उपसलेले गोडे पाणी भागिले उपलब्ध नूतनक्षम पाणी. संपूर्ण इथिओपियासाठी एकच आकडा काढला तर उंच पठारावरचा पाऊस दक्षिणेकडच्या बोरेनाच्या कोरड्या माळाला झाकून टाकतो. २०२०च्या अखेरीपासून त्या पट्ट्यात सलग पाच पावसाळे वाया गेले, गुरे मेली, माणसे छावण्यांत गेली. राष्ट्रीय सरासरीत यातले काहीच दिसत नाही. जिल्हावार आणि हंगामवार फोड अनिवार्य करा, ही पहिली मागणी.

पुरावा नसला की काय होते, याचे उदाहरण किवू सरोवराच्या काठावर आहे. मे २०२३मध्ये कांगोच्या कालेहे भागात पुराने चारशेहून अधिक माणसे नेली, पलीकडे रवांडात १३०च्या आसपास. या पावसामागे हवामान बदलाचा वाटा किती, हे तपासायला शास्त्रज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट बसला. पर्जन्यमापकांच्या नोंदी तुटपुंज्या, उपग्रहांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. निष्कर्ष काढता येत नाही, असे त्यांना लिहावे लागले. त्याच पद्धतीने, याच गटाने बोरेनासह आफ्रिकेच्या शिंगाच्या, म्हणजे ईशान्य टोकाच्या, प्रदेशातला तो दुष्काळ हवामान बदलामुळे किमान शंभरपट संभाव्य झाल्याचे दाखवले, कारण तिथे निष्कर्षापुरता पुरावा हाताशी होता. हवामान बदलाने झालेल्या हानी-नुकसानीच्या मदतीसाठीच्या वाटाघाटीत समोरचा पहिला प्रश्न ‘दाखवा’ असाच असतो. कालेहेच्या माणसांकडे दाखवायला काही नाही, म्हणून त्यांचे मरण कमी ठरते का?

जागतिक हवामान संघटनेचा किमान नियम असा: जमिनीवर दर २०० किलोमीटरला एक हवामान केंद्र, दर तासाला नोंद, आणि दर ५०० किलोमीटरला दिवसातून दोनदा आकाशात हवामान मोजणारा फुगा. याच संघटनेच्या हिशेबाने आफ्रिकेतले जाळे गरजेच्या आठव्या हिश्शाएवढे आहे. केंद्र उभारायला देणगीदार मिळतो, फित कापायला पाहुणेही मिळतात. तीन-चार वर्षांत प्रकल्प संपतो. मग सिमकार्डाचे रिचार्ज थांबते, बॅटरी बदलत नाही, फुग्याचा वायू संपतो. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाने आणि पक्ष्यांची विष्ठा साचते, आतली डोलणारी कुपी हलत नाही आणि यंत्र शून्य पाठवत राहते. साफ करायला माणूस नेमलेला नसतो. मुसळधार पावसाचा दिवस कोरडा म्हणून नोंदला जातो आणि पुढे तो शून्य कुठल्या तरी शोधनिबंधात शिरतो. म्हणून निधी मागताना यंत्रांच्या किमतीबरोबर दहा वर्षांची देखभाल आणि निरीक्षकाचा पगार धरूनच मागा.

जुन्या नोंदींचेही तसेच. आपल्याच देशात एनॅक्ट्स प्रकल्पाने हवामान खात्याच्या नोंदी आणि उपग्रहाचे आकडे जोडून सुमारे चार किलोमीटरच्या चौकटीत तीस वर्षांचा दर दहा दिवसांचा पाऊस उभा केला. हे आफ्रिकेत होऊ शकते, हे तुम्हीच दाखवले आहे. मग इतर कित्येक देशांत नोंदवह्या कपाटात वाळवीच्या तोंडी का? आणि काही हवामान खाती सरकारी पैशाने गोळा केलेली माहिती आपल्याच विद्यापीठांना विकत का देतात?

पैशाचे बोलायचे तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान तज्ज्ञ-मंडळाच्या सहाव्या अहवालातच नोंद आहे: १९९० ते २०१९ या काळात जगातल्या हवामान संशोधनाच्या निधीपैकी अवघा ३.८ टक्के निधी आफ्रिकेवरील संशोधनाला मिळाला. त्यातलाही ७८ टक्के युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या संस्थांकडे गेला, आफ्रिकी संस्थांकडे १४.५ टक्के. प्रश्न कुणी ठरवायचा, हे इथेच ठरून जाते. पण सगळा दोष बाहेरच्यांचा नाही. राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्चण्याचे वचन आफ्रिकी सरकारांनी स्वतः दिले आहे आणि बहुतेकांनी ते पाळलेले नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत घडलेले पृथ्वी-प्रणालीचे संगणकीय प्रारूप आयपीसीसीच्या याच अहवालासाठीच्या जागतिक तुलनेत उतरले, ते घरचा पैसा वर्षानुवर्षे मिळत राहिल्यामुळे. (मराठी वाचकाला हा विषय परका वाटत असेल, तर मे २०२० आठवावा. २०१९मध्ये इथिओपिया आणि सोमालियाची शेते फस्त करणाऱ्या उद्रेकातलेच टोळ अमरावती, वर्धा, नागपूरवर उतरले होते.)

आता वाटाघाटीच्या टेबलाविषयी. संशोधक चाळीस पानी अहवाल परिषदेच्या आठवड्यात पाठवतात, तेव्हा त्याचा काडीचा उपयोग नसतो. मजकुराची बांधणी जर्मनीतल्या बॉनच्या जूनमधल्या बैठकीत होते, लेखी निवेदनांची मुदत त्याच्याही आधी संपते. टिपण त्यापूर्वी हातात हवे, दोन पानांचे. वर परिच्छेद क्रमांक, खाली सुचवलेले नेमके शब्द, त्याखाली एकच आकडा, त्याची खालची-वरची मर्यादा आणि आधारवर्ष. समोरचा कोणती हरकत घेईल आणि तिला उत्तर काय, तेही दोन ओळींत. फ्रेंच आणि पोर्तुगीजमध्ये त्याच दिवशी, कारण इंग्रजीच्या अभावी गप्प बसलेला प्रतिनिधी म्हणजे आफ्रिकेचा गमावलेला आवाज. आणि दर वर्षी वाटाघाटकार बदलू नका. ज्याने दुबईचा मजकूर लिहिला तोच बेलेमला नसेल, तर कुठला स्वल्पविराम कुठे झुंजून मिळवला होता हे कुणाला ठाऊक असणार?

आधारवर्षाचा आग्रह उगाच नाही. २००९मध्ये श्रीमंत देश गरीब देशांना २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ म्हणाले, ते २०२२मध्ये पुरे झाले. २०२१मध्ये ग्लासगोत अनुकूलनाचा निधी २०१९च्या दुप्पट, म्हणजे २०२५पर्यंत साधारण ४० अब्ज करू म्हणाले. २०२३चा आकडा २६ अब्ज, आदल्या वर्षीच्या २८ अब्जांहूनही कमी. गरज २०३५पर्यंत वर्षाला ३१० ते ३६५ अब्जांची आहे. बेलेमला आता २०३५पर्यंत तिप्पट म्हणतात. कशाच्या तिप्पट? मजकुरात आधारवर्ष नाही, रक्कम नाही. हे वाक्य आफ्रिकेच्या प्रतिनिधींसमोर मंजूर झाले, याची चीड येते. देणाऱ्यानेच माप धरायचे, त्यानेच मोजायचे आणि वर कर्जाची रक्कमही मदत म्हणून मांडायची, ही रीतच बदलायला हवी.

अदिसला हे वाक्य पुन्हा उघडा. आधारवर्ष लिहून घ्या, कर्ज आणि अनुदान वेगवेगळे मोजायला लावा. ७८ तज्ज्ञांची १०० निर्देशकांची मूळ यादी, प्रत्येकाच्या अंश-छेदासह, यजमान म्हणून पुन्हा टेबलावर ठेवा. आणि आफ्रिकेच्या विशेष परिस्थितीचा विषय वर्षानुवर्षे ‘सल्लामसलतीला’ पाठवला जातो, तो तुमच्या भूमीवर तरी कार्यक्रमपत्रिकेवर आला पाहिजे.

आपले,
आफ्रिकेच्या हवामान धोरणासाठी पुराव्यांची टिपणे करणारे काही मराठी संशोधक